खळ धुवून मग कापड पाहावे

कापडाच्या दुकानात नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिला धडा खळीचा मिळतो. पातळ सुताचे, विरविरीत कापड असले तरी भरपूर खळ देऊन कडक इस्त्री मारली की ते हाताला भरदार लागते. तागा चकचकीत दिसतो, गिऱ्हाईक खूश होते. पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर वाहून जाते आणि हातात जाळी उरते. म्हणून जाणता व्यापारी नुसता तागा पाहून सौदा करीत नाही. तो हातभर तुकडा कापून घेतो, रात्रभर भिजत घालतो, वाळवून मोजतो आणि मग दुसऱ्या कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून पाहतो. कापड आटले किती, रंग सुटला किती, पोत टिकला का, हे त्या दोन तुकड्यांवरून कळते. दलालाच्या बोलण्यावरून कळत नाही.

हा धडा आम्ही आज कापडासाठी लिहीत नाही. आपल्यातील पुष्कळ व्यापारी आणि कारागीर बंधू कापड घेताना फार चोखंदळ असतात. परंतु तेच बंधू नवे यंत्र, नवे इंजेक्शन किंवा संगणकाची नवी योजना समोर आली की डोळे मिटून पैसे मोजतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, विज्ञानाचे आम्ही जाणकार नाही. तरीही जे तजुर्ब्याने कळले आणि जे तपासून घेतले, ते येथे मांडत आहोत.

मुठीतील दांडी

काही वर्षांपूर्वी कोंढव्यातील एका हॉलमध्ये मोफत आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली एक लहान पेटी आणि पेटीला धातूची एक दांडी. नाव, वय, उंची, वजन लिहून द्यायचे आणि दांडी मिनिटभर मुठीत धरायची. लगेच पंचवीस-तीस पानांचा अहवाल छापून निघे. त्यात काळीज, मूत्रपिंड, हाडे, साखर, जीवनसत्त्वे, सर्व काही. सुई नाही, रक्त नाही. शेवटच्या टेबलावर पावडरीचे डबे विकायला ठेवलेले होते.

आमचे कपडे शिवणारे मास्टर तेथे गेले. त्यांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार. अहवालात साखर ठीक आणि यकृत कमजोर निघाले. मास्टरांनी साखरेची गोळी बंद करून पावडरीचे दोन डबे घेतले. चार महिन्यांनी पायाला जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. ज्या माणसाची रोजी शिलाई मशीनच्या पायट्यावर चालते, त्याच्यासाठी याचा अर्थ काय, हे कारागीर बंधूंना सांगावयास नको.

पुढे तेच शिबिर दुसऱ्या मोहल्ल्यात लागले तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. पहिल्यांदा खरे वय लिहिले. अर्ध्या तासाने दुसरे नाव, वय तीस आणि उंची-वजन वेगळे लिहून पुन्हा दांडी धरली. हात तोच, दांडी तीच, अहवाल मात्र दोन तऱ्हेचे. यंत्र आमचा हात वाचत नव्हते, आम्ही भरलेला कागद वाचत होते.

साखर मोजायची तर रक्ताचा थेंब तरी लागतो किंवा कातडीखालील द्रवापर्यंत पोहोचणारी बारीक तार तरी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना इशाराच दिला की कातडीला छिद्र न पाडता साखर मोजणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही. जे काम मोठमोठ्या कंपन्यांना त्या वेळपर्यंत साधले नव्हते, ते हॉलमधील दांडीने साधले असेल का, याचा हिशेब आपणच करावा.

शेजारचा तुकडा कोठे आहे?

आता आमचीच चूक सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये रमजानचा सीझन आणि दुकानाला टाळे, अशा काळात आमचे थोरले भाऊ करोनाने आजारी पडले. पुण्यात तेव्हा रेमडेसिविर या इंजेक्शनासाठी लोक रात्र रात्र फिरत होते. सहा कुप्यांचा कोर्स. आम्ही त्या छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून मिळवल्या. ज्याने दिल्या त्याने पावती दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही.

भाऊ बरे झाले, अल्लाहचा शुक्र. वर्षभर आम्ही सर्वांना सांगत होतो की इंजेक्शनाने जीव वाचला. मग एका डॉक्टर मित्राने विचारले, “त्याच वॉर्डात ज्यांना इंजेक्शन मिळाले नाही, त्यांतले किती बरे झाले?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही धुतलेला तुकडा पाहिला होता. शेजारी ठेवायचा कोरा तुकडा आमच्याकडे नव्हताच.

औषधाची खरी परीक्षा अशीच होते. सारख्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार, आणि मग दोन्ही गटांची मोजदाद करतात. रेमडेसिविरच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे आमच्या धावपळीच्या पाच महिने आधी, रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला होता. पुढे २०२२ मध्ये अधिक आकडे हाती आल्यावर काही ठरावीक रुग्णांना थोडा फायदा होतो असे दिसले आणि सल्ला बदलला. म्हणजे औषध अगदी खोटे नव्हते. परंतु ज्या जादूसाठी लोकांनी दागिने मोडले, ती जादू त्यात नव्हती.

प्लाझ्माची गोष्टही तीच. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, ही कल्पना ऐकायला पटण्यासारखी होती. महाराष्ट्र सरकारने २९ जून २०२० रोजी ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ या नावाने मोठी चाचणी जाहीर केली. तरुणांनी नेकीच्या भावनेने रांगा लावून प्लाझ्मा दिला. त्यांच्या नेकीत काही कमी नव्हते. मात्र त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर दोन गटांची चाचणी केली. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्या २२९ पैकी असे ४१ निघाले. दोन्ही तुकडे सारखेच! हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तरी प्लाझ्मासाठीची धावाधाव दुसऱ्या लाटेतही चालूच राहिली. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये वगळण्यात आला.

आता तिसरे औषध पाहा. डेक्सामेथासोन ही साठ वर्षांची जुनी, काही रुपयांत मिळणारी गोळी. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसले की व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू तिने सुमारे एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांश कमी केले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. या गोळीसाठी कोणी काळा बाजार केला नाही आणि कोणी दागिने मोडले नाहीत. (ही गोळी साखर वाढवते. तेव्हा डॉक्टरांशिवाय तिला हात लावू नये.) भाव आणि गुण यांची सांगड असतेच असे नाही, हे आम्हाला कापडात ठाऊक होते. औषधात ते उशिरा कळले.

नमुना एक, माल दुसरा

दलालाने दाखवलेला नमुना उत्तम आणि गाडीतून उतरलेला माल हलका, हा अनुभव कोणत्या व्यापाऱ्याला नाही? एप्रिल २०२० मध्ये आपल्या देशालाही तो आला. करोनाच्या झटपट तपासणीसाठी चीनमधून सुमारे ५ लाख किट आले. राजस्थानात ते आधीच आजार पक्का झालेल्या रुग्णांवर वापरले, तेव्हा शंभरात सव्वापाच-साडेपाचच बरोबर निघाले. संशोधन परिषदेने मग प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन तपासणी केली आणि २७ एप्रिलला राज्यांना वापर थांबवून किट परत करण्यास सांगितले. भावाचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला तेव्हा कळले की २४५ रुपयांना आयात झालेला नग ६०० रुपयांना लावला होता. नमुना मंजूर झाला म्हणून उतरलेला माल तपासायचा राहिला, तर असेच होते.

संगणकाचे सौदे

संगणकाच्या बाबतीत खळ आणखी घट्ट बसते, कारण आत काय आहे ते दिसतच नाही. २०१५ च्या सुमारास ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना निघाली. आपले बिटकॉइन द्या, संगणकांच्या खाणीतून नवे निघतील आणि १८ महिने दरमहा १० टक्के परत मिळतील, असे वचन होते. घाऊक कापडात वर्षभर उधारीचा घोर सोसून शेकडा पाच सुटले तरी आम्ही समाधान मानतो. येथे दरमहा दहा! पुढे गुंतवणूकदारांना बिटकॉइनऐवजी योजनेचेच दुसरे नाणे हातावर ठेवले गेले, त्याची किंमत फारच कमी होती, असा आरोप झाला. पुण्यात गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली आणि नंतर देशभरचे खटले सीबीआयकडे गेले. मुख्य आरोपी २०२२ मध्ये मरण पावला. ज्यांनी पैसे घातले, त्यांत शिकलेले लोक कमी नव्हते. संगणकाचा शब्द समजला नाही की विचारायची लाज वाटते, आणि त्या लाजेवरच असा धंदा चालतो.

सर्व काही लबाडीच असते असे नाही. कधी इमानदार कंपनीही आपल्याच जाहिरातीवर यकीन ठेवून बसते. आयबीएम कंपनीचा ‘वॉटसन’ हा संगणक २०११ मध्ये अमेरिकेतील टीव्हीच्या प्रश्नमंजुषेत जिंकला आणि तो कर्करोगावरही उपचार सुचवील असे सांगण्यात आले. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या नामांकित रुग्णालयाने या प्रकल्पावर ६ कोटी २० लाख डॉलरपेक्षा अधिक खर्च केला. प्रत्यक्ष रुग्णांसाठी त्याचा वापर न होताच काम थांबले. २०२२ मध्ये आयबीएमने आरोग्याचा तो व्यवसायच विकून टाकला. प्रश्नमंजुषा जिंकणे हा नमुना होता, आजारी माणूस हा माल होता.

नकारही आंधळा नसावा

याचा अर्थ नवे सर्व टाकाऊ, असा कोणी घेऊ नये. मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने सुमारे सहा आठवड्यांत करोनाचे पीसीआर किट बनवले. ते पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, आजार आहे आणि नाही अशा माहीत असलेल्या नमुन्यांवर तपासले गेले आणि शंभर टक्के उतरले. बाहेरचे किट सुमारे ४,५०० रुपयांना पडत असे, कंपनीने आपले सुमारे १,२०० रुपयांना देऊ केले. तेही नवेच होते, पण धुऊन पाहिलेले होते.

आम्ही स्वतः दुकानात संगणक नको म्हणून हट्ट धरला होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि वहीवर हिशेब जुळेना, तेव्हा दोन तिमाहीचा दंड भरून आम्ही शहाणे झालो. शेजारच्या दुकानदाराचे बिल वर्षभर संगणकावर नीट चाललेले आम्ही रोज पाहत होतो. म्हणजे पुरावा समोर होता, आम्हीच पाहिला नाही. तपासल्याशिवाय घेणे आणि तपासल्याशिवाय नाकारणे, दोन्हींत नुकसानच आहे.

सौद्याआधी पाच प्रश्न

पुढच्या वेळी कोणी नवे यंत्र, औषध किंवा योजना घेऊन आला तर एवढे विचारावे :

१. हे कोणी तपासले? विकणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासले आहे का?

२. शेजारचा तुकडा कोठे आहे? ज्यांनी हे वापरले नाही, त्यांचे काय झाले?

३. जो माल मला मिळणार, तोच तपासला होता का, की फक्त नमुना?

४. हे घेण्यासाठी माझे कोणते चालू औषध किंवा चालू धंदा बंद करायला सांगत आहेत? तसे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना किंवा हिशेबनिसाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

५. घाई कोणाला आहे? “आजच घ्या, उद्या भाव वाढेल” असे म्हणणाऱ्या दलालाला आपण कापडात काय उत्तर देतो, तेच येथे द्यावे.

उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. इमानदार विक्रेता तुकडा कापून देतो, लबाड रागावतो.

मास्टर आता डाव्या पायाने मशीन चालवतात. बसण्याची सवय बदलायला त्यांना पाच-सहा महिने लागले. ते दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतात आणि कागद आम्हाला आणून दाखवतात. मागच्या खेपेस आम्ही त्यांना म्हणालो की कोंढव्यात पुन्हा एक शिबिर लागले आहे, नवे यंत्र आहे म्हणतात. ते म्हणाले, “भाईसाहेब, पहिल्यांदा तुम्ही जाऊन या. दोन वेगळ्या नावांनी.”