हे बाळसं नव्हे!

"बाळसं आहे हो डॉक्टर, उंची वाढली की उतरेल आपोआप." बालवाडीतलं मूल वजनकाट्यावर उभं राहिलं की आजी हे म्हणतेच. तान्ह्या बाळापुरतं ते ठीक आहे. पण पहिल्या वाढदिवसानंतर मूल चालू-धावू लागतं आणि उंचीच्या मानाने साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत बारीकच होत जातं. चौथ्या वर्षी थोड्या फासळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. या वयात जे गुटगुटीत होत जातं, त्याची काळजी करा.

मध्यंतरी चार वर्षांचा मुलगा आला. उंची वयाप्रमाणे, वजन मात्र २४ किलो. सोळा-सतरा पुरे होतं. तक्रार काय, तर "काहीच खात नाही!" सकाळी चॉकलेट पावडरचं दूध, डब्यात क्रीमची बिस्किटं, येताना पाकिटातला ज्यूस, संध्याकाळी पुन्हा तेच दूध. पोळी-भाजीला जागा कुठे उरणार? या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं. वर आईने मोबाइलवर बघून उपाशीपोटी लिंबू-मध-पाणी सुरू केलेलं. साखरेवर उतारा म्हणून मध! असले व्हिडिओ करणाऱ्यांना एकदा माझ्या ओपीडीत बसवायला हवं.

या वयात सहसा वजन उतरवायचं नसतं, आहे तिथे थोपवायचं असतं. उंची वाढते, अंग आटोक्यात येतं. डाएट नको, 'चरबी कमी करणारी' सिरपं तर मुळीच नकोत.

तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी, त्यात तासभर तरी दमेपर्यंत खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या बालवाड्या मात्र त्यांना बाकावर बसवून अक्षरं गिरवून घेतात, आणि पालकांना त्याचंच कौतुक! प्रवेश घेताना अभ्यासक्रम नंतर विचारा, मुलं धावतात कुठे आणि किती वेळ ते आधी विचारा. डब्यात थालीपीठ, मटकीची उसळ-पोळी, केळं द्या. वर्गात तीस मुलं म्हणजे वर्षाला तीस केक. बाईंनीच वाढदिवसाला फळ ठरवून टाकावं.

मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर तो मळ नाही, बेसन लावून घासू नका; दाखवायला आणा. रोज रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, चालताना पाय दुखणं, यातलं काही असेल तरीही थांबू नका. वजन वाढतंय पण उंची खुंटली असेल, तर थायरॉइड तपासावं लागेल. यातलं काहीच नसेल तर रक्ततपासण्यांची घाई नको. दर तीन महिन्यांनी उंची-वजन मोजून तक्त्यावर नोंदवून घ्या.