घरावरील सौर संच : दरपत्रके कशी वाचावीत?

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत उन्हाची वानवा कधीच नव्हती. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र शासनाने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केल्यापासून भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद येथील अनेक स्नेही व व्यवसायबंधू आपल्याकडे आलेली दरपत्रके मला दाखवू लागले. ती चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बहुतेकांची दृष्टी प्रथम कागदाच्या तळाशी, एकूण रकमेवर जाते. रक्ततपासणीचा अहवाल आपण असा वाचत नाही. आकड्याशेजारचे एकक आणि संदर्भमर्यादा पाहिल्याशिवाय निदानाचा शब्द काढत नाही. दरपत्रकासही हीच शिस्त लावावी, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आधी स्वतःचे बिल

दरपत्रक मागविण्यापूर्वी जेस्कॉमची मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. आपल्या भागात एक किलोवॉटचा संच वर्षाची सरासरी धरता रोज सुमारे 4 युनिट वीज देतो व त्यास सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. यावरून महिना 300 युनिट वापरणाऱ्या घरास अडीच ते तीन किलोवॉट पुरतात. विक्रेता पाच किलोवॉट सुचवीत असेल, तर त्याला कारण विचारावे.

2023 पासूनच्या गृहज्योती योजनेत पूर्वीच्या सरासरी वापराच्या प्रमाणात, महिना कमाल 200 युनिटपर्यंत, घरगुती वीज बिनमूल्य मिळते. ज्या घराचे बिल त्यामुळे शून्य येते, तेथे सौर संचाने वाचविण्यासारखे फारसे उरत नाही. लातूर किंवा सोलापूरचे आप्त आपल्या बचतीचे आकडे मोठ्या आत्मीयतेने सांगतात; परंतु महाराष्ट्रात घरगुती वीजदर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो. त्यांचे गणित सीमेच्या अलीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

खाली दवाखाना व वर निवास अशी रचना आपल्यापैकी अनेकांची आहे. अशा वेळी संच कोणत्या मीटरला जोडणार, हे लेखी घ्यावे. या योजनेचे अनुदान केवळ निवासी जोडणीस आहे. दवाखान्याच्या मीटरवर संच बसविल्यास ते मिळणार नाही. व्यवसायातील मालमत्ता म्हणून घसाऱ्याचा विचार मात्र आपल्या कर सल्लागाराशी करता येईल.

‘तीन किलोवॉट’ म्हणजे नेमके किती?

उदाहरणादाखल दोन काल्पनिक दरपत्रके घेऊ. पहिले 1,65,000 रुपयांचे, दुसरे 1,95,000 रुपयांचे. दोहोंवर ‘3 किलोवॉट’ असेच लिहिलेले आहे.

पहिल्यात इन्व्हर्टर 3 किलोवॉटचा, पण पॅनेल 550 वॉटची 5, म्हणजे एकूण 2,750 वॉट. उंच सांगाडा, अर्थिंग व वीज-निवारक, तसेच मीटर शुल्क ‘वेगळे’. हे सारे मिळून आणखी 26,000 रुपये होतात असे समजू. खरी किंमत झाली 1,91,000 रुपये.

दुसऱ्यात इन्व्हर्टर तेवढाच, पण पॅनेल 6, म्हणजे 3,300 वॉट, आणि वरील सर्व बाबी अंतर्भूत.

आता अनुदान पाहू. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट 30,000 रुपये, तिसऱ्यास 18,000 रुपये, आणि कमाल 78,000 रुपये. पॅनेल व इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी, तीच अनुदानास धरली जाते. म्हणून पहिल्यास 73,500 रुपये मिळतील, दुसऱ्यास पूर्ण 78,000. अनुदान वजा जाता पहिला संच 1,17,500 रुपयांना पडतो व दुसरा 1,17,000 रुपयांना. तीस हजारांनी स्वस्त दिसणारा संच प्रत्यक्षात पाचशे रुपयांनी महाग ठरला. शिवाय तो वर्षाकाठी सुमारे 800 युनिट कमी देणार. म्हणून प्रत्येक दरपत्रकाची सर्वसमावेशक रक्कम पॅनेलच्या एकूण वॉटने भागावी आणि मगच तुलना करावी.

अनुदानासाठी पॅनेल व त्यांतील सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात. आयात सेलच्या पॅनेलचे दरपत्रक साहजिकच स्वस्त दिसते. अनुदान संच कार्यान्वित झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. ‘अनुदान वजा करून’ छापलेली रक्कम ही आपण प्रथम भरावयाची रक्कम नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

छप्पर आणि हवा

पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमानास मोजलेली असते. कलबुर्गीच्या मे महिन्यात पॅनेल सहज 65 अंशांपर्यंत तापते. प्रत्येक अंशामागे 0.35 टक्के घट धरली, तर 40 अंशांना 14 टक्के होतात. ही घट 0.30 टक्क्यांच्या आसपास असलेली पॅनेलही मिळतात. हा आकडा तांत्रिक पत्रकात छापलेला असतो. तो मागून घ्यावा. पॅनेलखाली हवा खेळती राहील इतका सांगाडा उंच हवा.

छप्पर पाहिल्याशिवाय दिलेले दरपत्रक हे रुग्ण न तपासता लिहिलेल्या औषधासारखे आहे. जुन्या वाड्यांची मातीची माळवदे सांगाड्याचा भार व वाऱ्याची ओढ पेलण्यास योग्य नसतात. शहाबादी फरशीच्या छतासही अभियंत्याचे मत घ्यावे. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबला भोके पाडणार की वर काँक्रीटचे ठोकळे ओतणार, आणि पुढे गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कागदावर हवे. वळिवाच्या वाऱ्यासाठी सांगाड्याची रचना किती वेगाला धरून केली आहे, तेही विचारावे. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी व सायंकाळी कोठवर जाते, हे आपण स्वतः पाहून ठेवावे; एका पॅनेलवरची सावली मालिकेतील इतरांचेही उत्पादन खाली ओढू शकते.

काळ्या मातीत अर्थिंग जितके सहज साधते, तितके बीदरच्या जांभ्या खडकावर साधेलच असे नाही. ‘अर्थिंग समाविष्ट’ या शब्दांवर न थांबता त्याचा रोध मोजून लेखी देण्याची अट घालावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून धुण्याची सोय व पाणी यांचाही विचार आधीच व्हावा.

वीज गेली तर?

सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतो. बॅटरीविना वीजजाळ्यास जोडलेला संच, वीजपुरवठा खंडित होताच, भर दुपारीही बंद पडतो. हा दोष नसून संरक्षण आहे. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या लाइनमनच्या अंगावर आपल्या गच्चीवरची वीज जाऊ नये, यासाठी ही योजना असते. ‘सौर संच आहे, आता काळजी नाही’ अशा समजुतीने दवाखान्यातील लसींचा शीतकपाट त्याच्या भरवशावर सोडला, तर 2 ते 8 अंशांची मर्यादा केव्हा ओलांडली हे कळणारही नाही. त्याची झळ आपल्या खिशाला कमी आणि दंडाला लस टोचून घेणाऱ्या बालकाला अधिक बसेल.

ज्यांना बॅटरी हवी, त्यांनी तिचे दरपत्रक स्वतंत्र मागवावे आणि क्षमता युनिटमध्ये विचारावी. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. शिसे-आम्ल प्रकारात तिचे आयुष्य राखावयाचे तर त्यातील निम्मीच वीज वापरणे इष्ट. केवळ शीतकपाट व दोन दिवे चालवावयाचे असतील, तर घरातील सध्याचा इन्व्हर्टर पुरेल का, हे प्रथम तपासावे.

कर, हमी आणि हप्ते

22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्के झाला. साहित्य 70 टक्के व सेवा 30 टक्के या हिशेबाने एकत्रित कर 13.8 टक्क्यांवरून 8.9 टक्क्यांवर आला. दरपत्रकातील कर या दराशी ताडून पाहावा.

‘25 वर्षे हमी’ ही सामान्यतः पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची असते. पॅनेलमधील निर्मितिदोष, इन्व्हर्टर आणि बसविण्याचे काम यांच्या मुदती वेगळ्या असतात. त्या चारही स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. योजनेखालील नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षे देखभालीचे बंधन आहे. विक्रेता परगावचा असेल, तर देखभालीस येणार कोण व किती दिवसांत, हे ठरवून घ्यावे. रकमेचा अखेरचा हप्ता दुहेरी नोंदीचे मीटर बसून संच सुरू होईपर्यंत हाती राखावा.

माझी सूचना एवढीच की, विक्रेत्याने दिलेल्या नमुन्यात दरपत्रक न स्वीकारता आपणच एक पान तयार करावे : पॅनेलचे एकूण वॉट व बनावट, इन्व्हर्टरची क्षमता, सांगाडा, अर्थिंग, मीटर शुल्क, कर, चार हमी, देखभाल आणि वीज गेल्यावर काय चालेल. तेच पान किमान तिघांकडून भरून घ्यावे. जो रकाने भरण्यास टाळाटाळ करील, त्याच्याविषयीचा निर्णय त्या कोऱ्या जागा पाहूनच घ्यावा.