टेबलावर उंबरखिंड कशी उभारावी?

प्रश्न : दिवाळीत आम्ही सोसायटीच्या आवारात किल्ला करतो. आता लेकीसोबत छोटे सैनिक घेऊन उंबरखिंडीची लढाई खेळायची आहे. फ्लॅटमध्ये जागा बेताची. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : निवड उत्तम आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज खोपोलीजवळच्या या खिंडीत कोंडली. या विजयात भूगोलाचा वाटा मोठा, म्हणून आधी खिंड नीट साधा.

दोन-दोन फुटांचे प्लायवूडचे दोन चौरस घ्या; खेळ संपला की पलंगाखाली जातील. दोन्ही बाजूंना रंग द्या, नाहीतर पावसाळ्यात प्लाय वाकतो.

डोंगरासाठी थर्माकोल नको, वाण्याकडचे पुठ्ठ्याचे खोके पुरतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. पुठ्ठेही तसेच एकावर एक चिकटवा. प्रत्येक पायरी दोन बोटं रुंद ठेवा, म्हणजे १५ मिलिमीटरचा सैनिक उभा राहील. वरून फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या लावा. प्रत्येक थर पंख्याखाली खडखडीत वाळू द्या. ओल राहिली की बुरशी धरते.

खिंडीचा तळ इतकाच अरुंद ठेवा की खानाच्या सैनिकांना फाकता येणार नाही. मावळ्यांना माथ्यावर झाडीचा आडोसा द्या.

दिवाळीच्या किल्ल्यावरचा अळिवाचा हिरवा रंग इथे चालणार नाही. फेब्रुवारीतलं गवत पिवळं पडलेलं असतं. चाळलेला लाकडाचा भुसा त्या रंगात रंगवून पसरा. गर्द हिरवा फक्त ओढ्याकाठी. कातळ काळपट तपकिरी करून कडांवरून जवळजवळ कोरडा राखाडी ब्रश फिरवा.

हे सगळं सुरू करण्याआधी लेकीला घेऊन चावणी गावाजवळचं स्मारक आणि खिंड पाहून या. उतारांचा अंदाज तिथेच येईल.