भाजी चिरण्याची नक्षीदार फळी
इयत्ता सहावी व सातवीसाठी हस्तव्यवसायाचा एक पाठ

पाठाचे प्रयोजन

सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत भाकरीची काठवट, विळीचा पाट, पोळपाट ही सारी घरगुती लाकडी सामग्री एके काळी गावच्या सुताराच्या हातून तयार होत असे. बैलगाड्या व लाकडी औते कमी होत गेली, तसतसे सुताराचे गावातील कामही आटत गेले. आणि विळीच्या जोडीला घरोघर सुरी आली, तेव्हा तिच्याखाली ठेवण्याची फळी आठवडी बाजारातून प्लॅस्टिकची आली. त्यामुळे लाकडाची जी पारख पूर्वी मुलांना सुताराच्या मेटाजवळ उभे राहून सहज मिळत असे, ती आता सुताराच्या स्वतःच्या मुलालाही मिळेनाशी झाली आहे. ही पारख शाळेच्या द्वारे मुलांना पुन्हा मिळावी, हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जी योजना मांडली, तीत सूतकताईबरोबर लाकूडकामालाही मूलोद्योगाचे स्थान होते. त्यापूर्वी स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी देशोदेशींच्या शिक्षकांना हातकामाचे शिक्षण दिले. मुलाने घरात वापरता येईल अशीच वस्तू करावी व ती स्वतः पूर्ण करावी, असा त्यांचा आग्रह असे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सांगितले आहे. त्या दिवसांसाठी प्रस्तुत पाठ उपयोगी पडेल.

साहित्य व पूर्वतयारी

कडुनिंबाची किंवा आंब्याची, गाठी नसलेली, सुकलेली एकसंध फळी घ्यावी. बाभूळ आपल्या भागात विपुल असली तरी मुलांच्या हातांना ती फार कठीण जाते. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी १८ सेंटिमीटर व जाडी २ सेंटिमीटर ठेवावी. सालीजवळचे फिकट लाकूड टाळावे, कारण कीड प्रथम तेथेच लागते. ओली फळी उन्हात सुकवू नये. तिची टोके मधल्या भागापेक्षा लवकर सुकून आकसतात व तडकतात. ती सावलीत, खाली व वर वारा खेळेल अशी ठेवावी. करवत व पटाशी यांचे काम सुताराने अथवा शिक्षकाने करावे. मुलांच्या हाती रंधा, गुण्या, तिकोनी कानस व पॉलिशपेपर द्यावा. शाळेत शिकंजा नसल्यास जुन्या बाकावर एक पट्टी ठोकून तिला फळी टेकवावी.

पहिला भाग : लाकडाची ओळख

आरंभी मुलांना लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या द्याव्यात. एक रेषांच्या दिशेने कापलेली, दुसरी रेषांना आडवी. दोन्ही वाकवावयास सांगाव्यात. आडवी पट्टी तत्काळ मोडते. फळीच्या रेषा लांबीच्या दिशेने का ठेवावयाच्या, याचे उत्तर मुलांनीच द्यावे.

नंतर फळीच्या टोकाकडील वलये दाखवावीत. लाकूड सुकताना वलयांच्या दिशेने सर्वांत अधिक, गाभ्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या सुमारे निम्मे आणि लांबीत जवळजवळ नाहीच इतके आकसते. म्हणून साध्या चिरलेल्या फळीची सालीकडील बाजू सुकल्यावर खोलगट होते. फळी कोणीकडे वाकेल, हे वलये पाहून मुलांना आधीच सांगता येते. गावचा सुतार हे ज्ञान पुस्तकाविना जाणतो. म्हणून या तासाला त्यास शाळेत सन्मानाने बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि त्याची हत्यारांची व लाकडांची नावे मुलांनी वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. एखाद्या वर्गात सुताराचा मुलगा असेल, तर वडिलांची विद्या शाळेत मान पावलेली त्यास दिसेल. वाचनात मागे पडणारा तो मुलगा या तासाला इतरांचा मार्गदर्शकही होऊ शकेल, आणि तशी संधी त्यास अवश्य द्यावी.

दुसरा भाग : मापे व काटकोन

चारही कोपरे गुण्याने तपासावेत. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान असूनही कोन तिरके असू शकतात. अशा वेळी कर्ण असमान निघतात. ३० व १८ यांच्या वर्गांची बेरीज १२२४ होते आणि ३५ चा वर्ग १२२५ आहे. म्हणजे कर्ण अगदी ३५ सेंटिमीटरच्या जवळ यावयास हवा. सातवीच्या मुलांना पायथागोरसचा सिद्धान्त येथे हाताने पडताळता येतो. कोन जमल्यावर नाण्याच्या कडेने कोपरे गोल आखावेत व कानशीने घासावेत. रंधा रेषांच्या कलाने चालवावा. उलट चालविल्यास तंतू उपटतात व पृष्ठ खरबरीत होते.

तिसरा भाग : नक्षी

सावंतवाडीच्या रंगीत पाटावर लाखेचे रंग व वेलबुट्टी शोभते, कारण तो बसावयाचा असतो. चिरावयाच्या फळीवर रंग लावल्यास तो सुरीने सुटून अन्नात जाईल, आणि कोरलेल्या खाचांत भाजीचा ओलावा व घाण साचेल. याकरिता सुरी चालते ती जागा पूर्ण कोरी ठेवावी व नक्षी फक्त टांगावयाच्या टोकाच्या कडेवर करावी.

त्या कडेची लांबी १८ सेंटिमीटर. तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे बारा भाग पाडावयाचे, म्हणजे मध्ये अकरा खुणा येतात. मुले स्वभावतः मागील खुणेपासून पुढील खूण मोजतात. प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी अकराव्या खुणेपर्यंत ती साडेपाच मिलिमीटर होते. म्हणून सर्व खुणा एकाच टोकापासून, १·५, ३, ४·५ अशा मोजाव्यात. सोलापुरी चादरीच्या काठाची आकृती धाग्यांच्या मोजणीवर उभी असते, हे येथे चादर दाखवूनच सांगावे. प्रत्येक खुणेवर तिकोनी कानशीने समान खोलीची खाच पाडावी. टांगण्याचे भोक सुताराकडून गिरमिटाने पाडून घ्यावे.

चौथा भाग : घासणे व तेल देणे

पॉलिशपेपर ८०, १२० व २२० या क्रमाने, रेषांच्या दिशेनेच चालवावा. लाकडाची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून हे काम उघड्यावर करावे व नाकाला फडके बांधावे. शेवटच्या घासणीपूर्वी फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. उठलेले तंतू मग घासून काढावेत.

तेल घाण्यावरचे, खाण्याचे जवसाचे घ्यावे. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते लाकडात घट्ट होते. रंगाच्या दुकानातील उकळलेले जवसतेल वापरू नये, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असतात. तेलाचा पातळ हात देऊन उरलेले पुसून घ्यावे व फळी दोन-तीन आठवडे वाळवावी. जवसतेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा एकेक पसरून वाळवावीत. हा नियम शिक्षकाने कधीही विसरू नये.

मूल्यमापन व पुढील निरीक्षण

कर्ण समान आहेत काय, खाचा समान अंतरावर आहेत काय, पृष्ठावर हात फिरविता काही टोचते काय, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक मुलाने स्वतःच्या व शेजाऱ्याच्या फळीत तपासाव्यात. गुण त्यानंतर द्यावेत. फळी घरी देताना ती धुऊन उभी वाळवावी, पाण्यात भिजत ठेवू नये व कच्च्या मांसासाठी निराळी ठेवावी, हे मुलांकरवी घरी कळवावे.

एक फळी मात्र तेल न देता शाळेतच ठेवावी. तिच्यावर रेषांना आडवे १५ सेंटिमीटरचे अंतर आखून ते एप्रिलच्या कडक उन्हाळ्यात व पुन्हा ऑगस्टच्या दमट हवेत मोजावे. पावसाळ्यात ते किंचित वाढलेले आढळेल. दोन्ही मापे तारखेसह भिंतीवरील तक्त्यात लिहावीत, व पुढील वर्षीच्या वर्गाने ती नोंद पुढे चालवावी.