तीस डॉलरचा दिवा

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर नवऱ्याने ग्लॉक 19 हे पिस्तूल घेतलं. आता त्याला पिस्तुलाखाली बसवायचा दिवा हवाय. ऑनलाइन ‘2000 लुमेन’वाला तीस डॉलरला मिळतो. दुकानदार दीडशेच्या आसपासचा दाखवतो, आणि तो तर फक्त 500 लुमेनचा! रेंजवरचा मित्र म्हणतो, घ्यायचा तर तीनशेचाच घे. शेवटी उजेडच पडायचा ना? मग एवढा फरक कसला? आणखी एक. सांगलीला बाबांकडे परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. डिसेंबरात जाणार आहोत, त्यांनाही एखादा नेऊ का?
(एक वाचक, टेक्सास)

उत्तर : तुमचा दुकानदार बरोबर सांगतोय, आणि हे वाक्य मी दुकानदारांबद्दल फार वेळा लिहीत नाही.

आधी त्या 2000 लुमेनचा हिशेब करू. शाळेतलं गणित पुरतं. पिस्तुलाच्या लहान दिव्यांत बहुधा सीआर123ए नावाचा बुटका लिथियम सेल असतो. तो 3 व्होल्टचा, क्षमता साधारण 1500 मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला की हाती येते साडेचार वॉट-तास ऊर्जा. चांगला एलईडी दर वॉटमागे शंभर-सव्वाशे लुमेन देतो, म्हणजे 2000 लुमेनला सोळा ते वीस वॉट हवेत. या चालीने सेल पंधरा-सोळा मिनिटांत कोरडा पडेल, तेही कागदावर. तीन व्होल्टवर एवढे वॉट म्हणजे पाच-सहा अँपिअरच्या वर. या सेलला सलग दीड-दोन अँपिअरच्या पुढे खेचलं की तो तापतो आणि हात टेकतो. आत चार्जिंगची बॅटरी असेल तर आकडे थोडे हलतील. पण काडेपेटीहून जरा मोठ्या डबीत तयार झालेली वीस वॉटची उष्णता जाणार कुठे? तेव्हा खोक्यावर ‘2000 लुमेन’ आणि ‘दीड तास’ शेजारी शेजारी छापलेलं दिसलं, तर दोन्हींतलं एक तरी खोटं आहे. बहुतेक वेळा दोन्ही.

टॉर्च मोजण्याचं एक मानक अमेरिकेत 2009 पासून आहे, एएनएसआय एफएल1 नावाचं. त्यात दिवा लावल्यावर तीस सेकंद थांबून उजेड मोजतात, आणि ‘किती वेळ चालतो’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. मेख यातही आहेच: दीड तास लिहिलं म्हणून दीड तास तोच उजेड राहत नाही. पण निदान हे मानक पाळणाऱ्या कंपन्या एकाच फुटपट्टीने मोजतात. तीस डॉलरच्या खोक्यावर या मानकाची छोटी चिन्हं शोधून पाहा.

लुमेनपेक्षा महत्त्वाचा आकडा आहे कँडेला. बागेत पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, धार मात्र लांब जाते. एकूण पाणी म्हणजे लुमेन आणि धारेचा जोर म्हणजे कँडेला. झोताचा पल्ला कँडेलावर ठरतो. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायची, उत्तर मीटरमध्ये. 5000 कँडेलाचा दिवा 141 मीटर, 20,000 चा 283 मीटर. ऐकायला दणकेबाज, पण त्या टोकाला उजेड उरतो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात माणूस दिसतो. त्याच्या हातात मोबाइल आहे की सुरा, हे दिसत नाही. आणि हा दिवा घ्यायचा तो नेमकं तेवढंच पाहण्यासाठी.

म्हणून तुमच्या घरातलं अंतर घ्या. जिन्यापासून पुढच्या दारापर्यंत समजा सात मीटर. 5000 भागिले साताचा वर्ग, म्हणजे शंभर लक्स. रात्री हॉलमध्ये दिवे लावल्यावर साधारण एवढाच उजेड असतो. चेहरा ओळखायला, हात बघायला पुरेसा. याच्या चौपट-पाचपट झोत पांढऱ्या भिंतीवर जवळून मारलात, तर तो उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. मोठं अंगण, शेत, लांबचं कुंपण असेल तर गोष्ट वेगळी. डॅलसच्या उपनगरातल्या घराला 500 लुमेन, 5000 कँडेला भरपूर झाले.

आता पैशाचं, कारण मूळ प्रश्न तोच आहे. दिवा बसला की पिस्तुलाचा आकार बदलतो आणि जुन्या होल्स्टरमध्ये ते जात नाही. दिव्यासकट पिस्तूल मावेल असं होल्स्टर त्या ठरावीक दिव्याच्या मापानेच साच्यात घडवलेलं असतं. बरीचशी पिस्तुलाऐवजी दिव्यालाच घट्ट धरून ठेवतात, तेव्हा मिलिमीटरचा फरकही चालत नाही. नावाजलेल्या तीन-चार दिव्यांसाठी अशी होल्स्टरं साठ ते शंभर डॉलरला हवी तितकी मिळतात. ऑनलाइनवरच्या बिननावाच्या दिव्यासाठी सहसा मिळत नाहीत, आणि कुणी खास बनवून दिलं तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पिस्तूल घरातल्या तिजोरीतून बाहेर निघणारच नसेल, तर हा मुद्दा सोडून द्या. पण मग तिजोरीचं माप घ्या. पलंगाशेजारी ठेवायच्या छोट्या तिजोऱ्यांत दिव्यासकट पिस्तूल अडतं आणि लोक झाकण दाबून बसवू पाहतात. भरलेल्या पिस्तुलाशी अशी झटापट मला तरी पाहवत नाही.

स्वस्त दिवा उजेडात कमी पडतो त्याहून जास्त धक्क्यात मार खातो. प्रत्येक गोळीला दिव्याला हिसका बसतो, आतला सेल स्प्रिंगवर मागेपुढे आपटतो. स्प्रिंग कच्ची असेल तर क्षणभर संपर्क तुटतो. दिवा विझतो, किंवा आपणहून लुकलुकायला लागतो. नळीखालच्या ज्या खाचेच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, दिवा बसतो, तिथला स्क्रू ढिला होतो. हे सगळं घरी टेबलावर कधीच कळत नाही, म्हणून कुठलाही दिवा घेतलात तरी रेंजवर किमान शंभर गोळ्या तो बसवूनच झाडायच्या. पिस्तूलही तपासलं जातं: पोलिसांकडच्या .40 बोअरच्या ग्लॉक 22 पिस्तुलांवर दिवे चढवल्यावर गोळ्या अडकण्याच्या तक्रारी येत असत. तुमचं 9 मिलिमीटरचं, त्याला हा त्रास सहसा नसतो, पण आपलं पिस्तूल आपणच पाहिलेलं बरं. रेंजवरून परतल्यावर काच काजळीने काळी दिसेल. जुने नेमबाज जाण्याआधी काचेवर ओठांना लावायच्या मेणाचा पातळ हात फिरवतात. मग काजळी फडक्याने निघून येते.

दुकानदाराने दाखवलेला दिवा, माझ्या अंदाजाने, स्ट्रीमलाइटचा टीएलआर-7ए असावा. कंपनी पेनसिल्व्हेनियातली. 500 लुमेन, 5000 कँडेला, एक सीआर123ए, आणि ग्लॉक 19 च्या नळीच्या टोकाशी तो जवळजवळ बरोबरीने संपतो. 2018 च्या मूळ टीएलआर-7 ची बटणं बाजूला होती, अंगठ्याला आडवळणाची. 2020 च्या ‘ए’मध्ये ती मागे आली, उंच आणि सखल असे दोन प्रकार खोक्यातच मिळतात. नवऱ्याच्या बोटांना कुठलं जमतं ते पिस्तूल रिकामं करून पाहायचं. त्याच कंपनीचा टीएलआर-1 एचएल थोडा महाग, दोन सेलचा, 1000 लुमेन आणि 20,000 कँडेला. अंगण मोठं असेल तर हा. मित्राचा तीनशेवाला बहुधा कॅलिफोर्नियातल्या शुअरफायरचा एक्स300 अल्ट्रा. तो दणकट आहे यात वाद नाही. पण 1000 लुमेनला त्याचे कँडेला 11,300, म्हणजे झोताचा जोर निम्म्या किमतीच्या टीएलआर-1 एचएलपेक्षा कमीच. वरचे पैसे मजबुतीचे आहेत. पावसापाण्यात, गाडीच्या दारावर आपटत रोज बारा तास पिस्तूल वागवणाऱ्या पोलिसाने ते जरूर द्यावेत.

आता एक खर्च मी वाढवणार आहे. पिस्तुलावरच्या दिव्याआधी हातात धरायची चाळीस-पन्नास डॉलरची चांगली टॉर्च घ्या. पिस्तुलावरचा दिवा जिथे वळतो तिथे नळीही वळते. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड झाली आणि नवरा त्या दिव्याने शोधत फिरला, तर पाणी प्यायला उठलेल्या मुलावर किंवा मुक्कामाला आलेल्या तुमच्या सासूबाईंवर आधी भरलेलं पिस्तूल रोखलं जाणार आणि मग ओळख पटणार. शोधायचं ते हातातल्या टॉर्चने. त्यात तुमची घरं लाकडी चौकटीवर अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड ठोकून बांधलेली. सांगलीच्या विटांच्या भिंतीत गोळी अडेल, तुमच्या घरात दोन-तीन खोल्या पार करून जाईल. उजेड भिंतीवर थांबतो, गोळी थांबत नाही.

दुसरी भीती बोटांची. 2010 मध्ये तुमच्याच भागातल्या प्लेनो शहरात अमली पदार्थांच्या कारवाईत एका पोलिसाच्या गोळीने माणूस मेला. दिव्याचं बटण दाबायला गेलो आणि चाप ओढला गेला, असं त्या पोलिसाचं म्हणणं होतं. प्रशिक्षित माणसाची ही गत. म्हणून मुठीवर, चापाच्या खाली दाबायचं वाढीव बटण मिळतं ते कितीही सोयीचं वाटलं तरी नको. दिवा लावायचा तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. चापाचं बोट तेव्हा बाहेर, सरळ, पिस्तुलाच्या कडेला. याचा सराव रिकाम्या पिस्तुलावर, दुसऱ्या खोलीत गोळ्या ठेवून. दिवा चढवताना आणि उतरवतानाही आधी मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायचं, आणि हात नळीच्या तोंडासमोर जाऊ द्यायचा नाही.

घरात मुलं असतील तर हेही माहीत असू द्या: सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. आणि हे उत्तर वाचून एच-1बीवरचे तुमचे मित्र दुकानाकडे निघाले, तर त्यांना थांबवा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला शस्त्र बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नाहीच. रेंजवर भाड्याने पिस्तूल घेण्याआधीही त्यांनी वकिलाला विचारलेलं बरं.

राहिले बाबा. त्यांचं .32 रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं असेल, तर त्याच्या नळीखाली दिवा अडकवायला रेलच नाही. सुताराकडून किंवा लेथवाल्याकडून काही ठोकून घ्यायचा विचार त्यांच्या मनात आलाच, तर तो तिथेच मोडून काढा. परवान्याच्या शस्त्रात फेरफार करण्याची झंझट म्हातारपणी कशाला? त्यांनाही हातातलीच टॉर्च न्या, सांगलीत मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारी. सीआर123एवाली न्यायचीच असेल तर सेलही इथूनच न्या. ते दहा वर्षं टिकतात, पण सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.