एकक हरवलेला आकडा

एक सोपा प्रयोग करून पाहा. वर्गातील दहा जणांना एकाच बाकाची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजायला सांगा. प्रत्येकाने आपले माप मोठ्याने सांगावे. दुसऱ्या दिवशी दुसरा बाक घ्या. या वेळी मात्र प्रत्येकाने माप चिठ्ठीवर लिहून, घडी घालून द्यावे. मापांत अधिक फरक कोणत्या दिवशी दिसतो? बहुधा दुसऱ्या दिवशी! मोठ्याने सांगताना मागून येणारा विद्यार्थी पहिल्याच्या मापाकडे झुकतो. वेगळे माप आले, तर ‘आपलेच चुकले असेल’ असे समजून तो गप्प बसतो. पट्टी तीच असते. पण माणसांच्या वागण्यामुळे नोंदी बदलतात.

वर्गात असे झाले तर फारसे बिघडत नाही. पण एकदा अशा वागण्यापायी एक अवकाशयान गमवावे लागले.

११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने ‘मार्स क्लायमेट ऑर्बायटर’ हे यान मंगळाकडे पाठवले. मंगळाभोवती फिरून तेथील हवामानाचा अभ्यास करणे हे त्याचे काम होते. यान बांधणारी कंपनी कोलोरॅडो राज्यात होती, तर यानाचा मार्ग ठरवणारे तज्ज्ञ कॅलिफोर्निया राज्यातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत होते. म्हणजे काम एक, पण गट दोन.

यानाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी त्यात फिरती चाके होती. यानाचे सौर पंख एकाच बाजूला असल्याने सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान वळू पाही, आणि ते सावरताना चाकांचा वेग वाढत जाई. तो कमी करण्यासाठी लहान रॉकेटे थोडा वेळ पेटवावी लागत. प्रत्येक वेळी यानाच्या मार्गाला किंचित धक्का बसे. हा धक्का किती, याचा आकडा कंपनीचा संगणक-कार्यक्रम मार्ग ठरवणाऱ्यांकडे पाठवी.

घोटाळा येथेच झाला. आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत असे ठरले होते. प्रत्यक्षात ते पौंड-सेकंदांत गेले. १ पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. समजा, आकडा आला १०. घेणाऱ्याने तो १० न्यूटन-सेकंद मानला. खरा धक्का होता ४४.५! असे लहान लहान धक्के महिनोन्‌महिने साचत गेले.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचले. ते पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवे होते. नंतरच्या गणितानुसार ते अवघ्या ५७ किलोमीटरवर उतरले होते. मंगळाच्या मागे गेलेल्या यानाचा संदेश पुन्हा आलाच नाही.

आता तुम्ही विचाराल, ‘नऊ महिन्यांत कोणाच्याच लक्षात आले नाही?’ आले होते! मार्ग ठरवणाऱ्या काही जणांना आकड्यांचा मेळ बसत नसल्याचे जाणवले होते. परंतु शंकेची रीतसर नोंद करून तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला नाही. दोन गटांतील संपर्क अपुरा होता आणि तो संगणक-कार्यक्रमही पुरेसा तपासून घेतलेला नव्हता. चौकशी मंडळाने एककांच्या चुकीबरोबरच या उणिवांवरही बोट ठेवले. चूक माणसाकडून होतेच. ती वेळीच पकडणारी व्यवस्था ढिली पडली, हे खरे दुखणे होते.

यावरून आपण काय शिकावे? पहिले, आकड्याशेजारी एकक लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मानू नये. दुसरे, एकाने घेतलेले माप दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न पाहता घ्यावे. तिसरे, शंका मनात न ठेवता वहीत लिहावी आणि तिचे उत्तर मिळेपर्यंत ती खोडू नये. आणि चौथे, चूक दाखवणाऱ्याला हसू नये. ज्या गटात हसे होण्याची भीती असते, तेथे चुका कमी होत नाहीत, फक्त झाकल्या जातात.

तुमच्या प्रयोगशाळेतील जुनी प्रयोगवही आज उघडून पाहा. एकक न लिहिलेले आकडे त्यात किती सापडतात?