पगाराविना प्राध्यापिका : गणिती एमी नोएटर

मुलांनो, दिवाळीत वर्गाच्या दारात आपण सहा पाकळ्यांच्या फुलाची रांगोळी काढतो. त्या फुलाला मनातल्या मनात एक पाकळीभर फिरवून बघा. काय फरक दिसतो? काहीच नाही! फूल होते तसेच दिसते. फिरवूनही, उलटवूनही जे होते तसेच राहते, त्याच्या या गुणाला 'सममिती' म्हणतात.

हा साधा शब्द नीट लक्षात ठेवा. याच शब्दावर एका जर्मन बाईंनी असा सिद्धांत मांडला, की शंभर वर्षांनंतरही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी तो शिकतात. त्यांचे नाव एमी नोएटर. गंमत, खरे तर दुःखाची गोष्ट अशी, की तो सिद्धांत मांडला तेव्हा त्यांना विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवायचीही परवानगी नव्हती.

बालपण आणि शिक्षण

एमीचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मॅक्स नोएटर हे तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे गणित घरातच होते. पण मुलीने ते पुढे शिकावे अशी त्या काळी रीत नव्हती. मुलींनी भाषा शिकाव्यात आणि शाळेत शिक्षिका व्हावे, एवढीच अपेक्षा. एमीनेही १९०० साली इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा चांगल्या गुणांनी दिली. नोकरी हाताशी होती. पण तिने ती वाट सोडली आणि गणित शिकायचे ठरवले.

तेव्हा एर्लांगेन विद्यापीठात ९८६ विद्यार्थी होते आणि त्यांत मुली किती? फक्त दोन! त्यांनाही रीतसर प्रवेश नाही. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी काढून मागे बसून ऐकायचे, एवढेच. १९०४ मध्ये नियम बदलला, एमीला खरा प्रवेश मिळाला आणि डिसेंबर १९०७ मध्ये तिने डॉक्टरेटची परीक्षा सर्वोच्च श्रेणीत दिली.

आता एमी 'डॉक्टर नोएटर' झाल्या. मग नोकरी मिळाली असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही! पुढची सात वर्षे त्यांनी एर्लांगेनमध्ये संशोधन केले, वडिलांची तब्येत बरी नसे तेव्हा त्यांचे वर्गही घेतले. पगार मात्र शून्य.

गॉटिंगेनला बोलावणे

त्या काळी गॉटिंगेनचे विद्यापीठ म्हणजे गणिताची पंढरीच. तिथले दोन मोठे गणिती, डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन, आइन्स्टाइन यांच्या नव्या सापेक्षता सिद्धांतावर विचार करीत होते. त्यात ऊर्जेच्या हिशेबाचे एक कोडे काही केल्या सुटेना. त्यांनी १९१५ साली नोएटरबाईंना बोलावून घेतले.

पण विद्यापीठातल्या इतर काही प्राध्यापकांनी विरोध केला. बाईमाणसाला शिकवण्याचा अधिकार कसा द्यायचा? यावर हिल्बर्ट चिडून म्हणाले, की हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे, असे सांगतात. तरीही परवानगी मिळाली नाही. मग एक तोड काढली. व्याख्यानांची जाहिरात हिल्बर्ट यांच्या नावाने लागायची आणि वर्गात शिकवायला नोएटरबाई उभ्या राहायच्या!

जुलै १९१८ मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध सिद्धांत गॉटिंगेनच्या विज्ञानसंस्थेत सादर झाला. तोही क्लाइन यांनी सादर केला, कारण नोएटरबाई त्या संस्थेच्या सदस्य नव्हत्या.

सिद्धांत सोप्या भाषेत

रांगोळीचे फूल ठरावीक कोनातूनच फिरवावे लागते. थोडेसेच फिरवले तर फरक दिसतो. पण स्वयंपाकघरातली गोल, साधी थाळी घ्या. ती किंचित फिरवा नाहीतर अर्धी फिरवा, तशीच दिसते. नोएटरबाईंचा सिद्धांत थाळीसारख्या सममितीबद्दल आहे.

त्या सांगतात : निसर्गाच्या नियमांत अशी सममिती असेल, तर तिच्या जोडीला एखादी राशी अशी असतेच, जी कमी होत नाही आणि वाढतही नाही. तीन उदाहरणे पाहा.

१. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत आणि उद्याही राहतील. म्हणून ऊर्जा अक्षय्य राहते.

२. नियम इथे आहेत तेच तिथेही आहेत, मुंबईत आणि फिलाडेल्फियात वेगळे नाहीत. म्हणून संवेग अक्षय्य राहतो.

३. तोंड पूर्वेकडे असो की उत्तरेकडे, नियम तेच. म्हणून फिरण्याचा संवेग, म्हणजे कोनीय संवेग, अक्षय्य राहतो.

ऊर्जा अक्षय्य असते हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. ती *का* अक्षय्य असते, याचे मूळ नोएटरबाईंनी दाखवून दिले.

बीजगणिताला नवे वळण

१९१९ मध्ये अखेर त्यांना स्वतःच्या नावाने शिकवण्याचा अधिकार मिळाला. १९२२ मध्ये 'प्राध्यापक' ही पदवीही मिळाली, पण पगाराशिवाय. १९२३ पासून बीजगणित शिकवण्याबद्दल थोडे मानधन सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय होते ४१.

१९२१ च्या एका निबंधात त्यांनी बीजगणिताकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. मोठमोठी आकडेमोड करण्याऐवजी आकड्यांमागचे नियम पाहा, रचना पाहा, असे त्यांचे सांगणे. गणितात ज्यांना 'वलय' म्हणतात, त्यांच्या एका महत्त्वाच्या प्रकाराला आज नोएटरबाईंचेच नाव आहे. त्यांचे विद्यार्थी देशोदेशींहून येत. त्या विद्यार्थ्यांना घेऊन लांब फिरायला जात आणि चालता चालता गणितच बोलत.

१९३२ साली दोन मोठे मान मिळाले. एमिल आर्टिन यांच्यासह त्यांना आकरमान-टॉयबनर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी सर्व प्रतिनिधींपुढे मुख्य व्याख्यान दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

देश सोडावा लागला

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. एप्रिल १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर करण्यात आले आणि नोएटरबाईंनाही. वर्ग बंद झाला, तर त्यांनी विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवले.

१९३३ च्या अखेरीस त्या अमेरिकेत आल्या. कुठे? फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात, म्हणजे आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घराजवळ! अठराव्या वर्षी ज्या इंग्रजीची परीक्षा देऊन बाजूला ठेवली होती, तीच आता एक्कावन्नाव्या वर्षी उपयोगी पडली. त्या प्रिन्स्टनच्या संशोधन संस्थेतही दर आठवड्याला व्याख्यान देत.

हे दिवस फार टिकले नाहीत. एका शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. वय फक्त ५३. त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सला लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइन यांनी त्यांची गणना अत्यंत थोर, सर्जनशील गणितींमध्ये केली. त्यांच्या अस्थी ब्रिन मॉरच्या जुन्या ग्रंथालयाच्या चौकाभोवतीच्या ओवरीत पुरल्या आहेत.

उशिरा आलेले मान

चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. ७००१ क्रमांकाच्या लघुग्रहालाही आहे. एर्लांगेनमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे. जर्मनीत तरुण संशोधकांना स्वतःचा गट उभा करण्यासाठी पैसे देणारी एक योजना त्यांच्या नावाने चालते. ज्या बाईंना वर्षानुवर्षे पगार मिळाला नाही, त्यांच्याच नावाने आज दुसऱ्यांना पगार मिळतो!

मुलांनो, बक्षीस मिळाले म्हणून काम मोठे होत नाही, आणि मिळाले नाही म्हणून लहानही होत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. नोएटरबाईंनी सोसले म्हणून तो अन्याय बरा ठरत नाही. वर्गात कोणाला मागे बसवले जात असेल, तर हिल्बर्ट यांच्यासारखे उभे राहून बोलायलाही शिका.

शब्दार्थ
अक्षय्य – कधीही न संपणारे, न घटणारे
राशी – मोजता येणारी गोष्ट
मानधन – कामाबद्दल सन्मानाने दिलेले पैसे
तोड काढणे – अडचणीतून मार्ग शोधणे
ओवरी – चौकाभोवतीची छप्पर असलेली पडवी

घरी करून पाहा (मोठ्यांच्या देखरेखीखाली)
फिरत्या खुर्चीवर बसा. दोन्ही हातांत एकेक पुस्तक घेऊन हात पसरा. कोणाला तरी खुर्ची हळू फिरवायला सांगा आणि मग हात छातीशी घ्या. वेग वाढला की कमी झाला? वरच्या तीन उदाहरणांपैकी हे कोणते?

प्रश्न
१. व्याख्यानांच्या जाहिरातीत हिल्बर्ट यांचे नाव का असे?
२. रांगोळीची सममिती आणि थाळीची सममिती यांत फरक काय?
३. तुमच्या आजीला किंवा पणजीला काय शिकायचे होते आणि काय शिकता आले, ते विचारा. उत्तर पाच वाक्यांत मराठीत लिहून आणा.

पालकांसाठी : तिसऱ्या प्रश्नासाठी भारतात फोन लावून द्यावा. मुलांनी स्वतः विचारावे, आपण मध्ये बोलू नये. वाक्ये चुकली तरी चालतील.